वीरपत्नींनी सत्काराला नकार का दिला असेल? एका माजी कल्याण संघटकाचे उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गावातील तरुण मंडळ गेली तीन वर्षे २६ जानेवारीला आजी-माजी सैनिकांचा आणि वीरपत्नींचा सत्कार करते, यंदा त्यांपैकी एका ताईंनी "मला बोलावू नका" असा निरोप धाडला, मंडळातील मुले त्यामुळे दुखावली, आणि शाल-श्रीफळापलीकडे जाऊन सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या त्यागाची कदर नेमकी कशी करावी, असे तुम्ही विचारता. मी वीस वर्षे फौजेत होतो आणि हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तेरा वर्षे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम केले. या कामात गावोगावी जाऊन सैनिकांच्या घरांच्या अडचणी ऐकणे आणि त्या कागदावर आणणे एवढेच मुख्यतः असते. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते त्या घरांच्या ओसरीवर बसून ऐकलेल्या गोष्टींच्या आधारे लिहितो आहे.

त्या ताईंना मी ओळखत नाही, त्यामुळे त्यांनी नकार का दिला हे मी सांगू शकत नाही. पती जाऊन किती वर्षे झाली, मुले केवढी आहेत, त्या सासरी राहतात की माहेरी, सासूबाईंशी बोलणे आहे की नाही, पेन्शन सुरळीत चालू आहे की अडकली आहे, यांतील प्रत्येक गोष्टीवर उत्तर बदलते. तरीही असे नकार मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांची कारणे पुन्हा पुन्हा तीच निघतात. "गर्व झाला" किंवा "आता पैसा आला" असे जे कारण पारावर सांगितले जाते, ते माझ्या अनुभवात एकदाही खरे निघाले नाही.

पहिले कारण व्यासपीठावरील निवेदनात असते. एका कार्यक्रमाला मी स्वतः हजर होतो. निवेदकाने आवाज चढवून तो जवान कसा पडला, गोळी कोठे लागली, देह कोणत्या अवस्थेत आला, याचे वर्णन केले. समोरच्या सतरंजीवर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा बसला होता आणि आईने आजवर त्याला यातले काहीच सांगितले नव्हते. टाळ्या झाल्या, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले, कार्यक्रम फार चांगला झाला असे सर्वांचे मत पडले. पुढच्या वर्षी त्या बाई आल्या नाहीत. मला त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, मला वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर परत विधवा व्हावं लागतं."

दुसरे कारण हळदीकुंकवाचे आहे आणि ते पुरुष संयोजकांच्या लक्षात क्वचितच येते. वीरपत्नीला व्यासपीठावर मानाने बसवायचे आणि त्याच कार्यक्रमात औक्षण करताना किंवा कुंकू लावताना तिला वगळून ताट पुढच्या बाईकडे न्यायचे, हे आपल्याकडे आजही घडते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. तुमच्या गावाने तसा ठराव केला आहे का, हे एकदा पाहा. केला नसेल, तर ग्रामसभेत तो मांडणे हा मंडळाकडून होऊ शकणारा सर्वांत मोठा सत्कार ठरेल आणि त्याला एक रुपयाही खर्च येणार नाही.

तिसरे कारण घरातले असते. जवान गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे पत्नीच्या नावे लागते. ज्यांनी मुलाला वाढवून फौजेत पाठवले त्या आईवडिलांच्या हाती मात्र पुष्कळदा काहीच पडत नाही. यात बाजू घेण्यासारखे मला कधी काही सापडले नाही, कारण दोन्हीकडचे दुःख आणि दोन्हीकडची गरज खरी असते. पण ज्या सासू-सुनांचे वर्षभर बोलणे नाही त्यांना एकाच सोफ्यावर बसवून एकच सन्मानचिन्ह दोघींच्या हाती देणे, आणि ते घरी कोणी न्यायचे हे गावासमोर ठरू देणे, ही केवळ क्रूरता आहे. वीरमाता, वीरपिता आणि वीरपत्नी या तिघांनाही स्वतंत्रपणे भेटा, स्वतंत्रपणे विचारा आणि गरज पडल्यास स्वतंत्र वेळी बोलवा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. "काय द्यावे" असे तुम्ही विचारले आहे. त्याआधी त्या घराने आजवर काय सोसले आणि आज कोणते काम ते एकट्याने ओढत आहे हे मंडळाला माहीत असायला हवे, असे मला वाटते, आणि हे सोसणे जवान गेल्या दिवशी सुरू होत नाही. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते, तीही युनिटमधील परिस्थितीप्रमाणे. पोस्टिंग फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या किंवा कारवाईच्या भागात, असेल तर कुटुंब सोबत नेता येत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातील छावणीत, बदली झाली तरी क्वार्टर मिळेपर्यंत निम्मा काळ निघून जातो, आणि नेलेच तर मुलांच्या शाळा दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. या सगळ्यात सासऱ्यांचे ऑपरेशन, मुलीचे ॲडमिशन, पीककर्ज, विहिरीची मोटर आणि भाऊबंदकी हे सारे त्याची पत्नी किंवा म्हातारे आईवडील निभावतात. लोकांना सीमेवरची थंडी दिसते. तालुक्याच्या कचेरीत चौथ्यांदा "साहेब नाहीत, उद्या या" असे ऐकून परतणारी जवानाची बायको दिसत नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. मी उंचावरच्या पोस्टवर असताना बांधाच्या वादात आमच्यावर दावा दाखल झाला. तारखांना माझी पत्नी जात असे, कडेवर धाकटा मुलगा घेऊन. मला पत्र पोहोचायला तीन आठवडे लागायचे आणि तोवर पुढची तारीख होऊन गेलेली असायची. अशा वेळी जवानाच्या मदतीला कायदा आहे हे आम्हाला कोणीही सांगितले नाही, आणि तो कायदा काही कालपरवाचा नाही: १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) कायदा म्हणतो की, युद्धजन्य किंवा तशाच विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचे काम, काही अपवाद वगळता, दिवाणी आणि महसुली न्यायालयांनी पुढे ढकलावे, म्हणजे त्याच्या पाठीमागे निकाल लागणार नाही. त्यासाठी फौजेच्या सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. शिवाय युनिटचा कमांडिंग ऑफिसर थेट जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतो आणि जिल्हाधिकारी हे साधारणपणे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षच असतात. तुमच्या मंडळात एखादा वकील किंवा कायद्याचा विद्यार्थी असेल, तर एवढी माहिती गावातील प्रत्येक जवानाच्या घरी पोहोचवणे हे काम एका रविवारचे आहे.

यानंतर मला तुमच्या सत्काराच्या यादीविषयी थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत खोल जखमा याद्यांनी केल्या आहेत. गावे बहुधा गोळीने किंवा स्फोटाने गेलेल्या जवानाच्या पत्नीला बोलावतात. सेवेत असताना वाहन दरीत कोसळून, उंचावर श्वास कोंडून, हिमस्खलनात किंवा आजाराने गेलेल्याची पत्नी त्याच गावात चार घरे सोडून राहत असते आणि तिला कोणी बोलावत नाही. सियाचिनचे उदाहरण घ्या. १९८४ च्या एप्रिलपासून आपले सैन्य तिथे आहे आणि २००३ च्या नोव्हेंबरपासून शस्त्रसंधी असल्यामुळे तिथे तोफा जवळजवळ शांत आहेत, तरी हवामान आणि उंची जवानांचे बळी घेतच आली. शत्रूची गोळी लागली नाही म्हणून त्या घराचा त्याग हलका कसा ठरतो, हे मला आजवर समजलेले नाही.

सरकारी नियमांना फरक करावा लागतो आणि तो का, हे ठाऊक असले म्हणजे आपण गावात तोच फरक पुन्हा करत नाही. फौजेच्या नोंदीत मृत्यू 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईत किंवा कारवाईत झालेला) आहे की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (अपघात, आजार अशा इतर कारणाने झालेला) यावर पुढचे पुष्कळ काही ठरते. युद्धात किंवा लष्करी कारवाईत गेलेल्याच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे जवानाच्या शेवटच्या वेतनाइतके. मृत्यू सेवेच्या कारणाने झाल्याचे मान्य झाले तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे त्याच्या ६० टक्के. आणि सेवेशी संबंध जोडता आला नाही तर सर्वसाधारण, म्हणजे ३० टक्के, ज्याचा दर पहिल्या काही वर्षांत वाढीव असतो. म्हणजे जिच्या वाट्याला पेन्शन कमी आली, तिच्याच वाट्याला गावाचा मानही कमी येतो. आपण ज्या 'शहीद' शब्दाने व्यासपीठ दणाणून सोडतो, तो तर या नोंदींत कोठेच नसतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे हेच सांगितले होते. तुम्ही भाषणात हुतात्मा म्हणा, शहीद म्हणा, माझी हरकत नाही, पण त्या शब्दाच्या मापाने घरांची वर्गवारी करू नका. सेवेत असताना गेलेला प्रत्येक जवान एकाच यादीत, निधनाच्या तारखेच्या क्रमाने घ्या.

या यादीतून हमखास सुटणारा आणखी एक गट आहे. १९९९ च्या कारगिल युद्धापासून जवानाचे पार्थिव गावी येते, सारा तालुका लोटतो, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात आणि त्यामुळे ती आठवण गावाच्या मनात राहते. १९६५ आणि १९७१ मध्ये बहुतेकांवर सीमेजवळच अंत्यसंस्कार झाले आणि घरी आली ती तार. त्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्या पतीची अंत्ययात्रा गावाने पाहिलेलीच नाही आणि मंडळातील मुलांना तर त्या केवळ 'खालच्या आळीतल्या आजी' म्हणून माहीत असतात. अशा एका आजींनी मला ट्रंकेतून तार काढून दाखवली होती. घडीवर कागद फाटला होता आणि त्यांना वाचता येत नसल्यामुळे त्यातला मजकूर त्यांना तोंडपाठ होता. तुमच्या गावात अशा कोणी आहेत का, हे गावातील वयस्कर माजी सैनिकांना विचारा.

आता शाल-श्रीफळाऐवजी काय करावे, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी उत्तर अगदी रुक्ष आहे: कागद. मी तेरा वर्षांत जेवढी अडलेली प्रकरणे पाहिली, त्यांत सर्वाधिक प्रकरणे नावाच्या घोळाची होती. लग्न झाल्यावर जवानाने युनिटमध्ये पत्नीचे नाव सांगितले ते सासरचे. आधार कार्डावर माहेरचे. बँकेत 'बाई' लावलेले. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर टोपणनाव. जवान जिवंत असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो गेल्यावर पेन्शनच्या आदेशातील नाव आणि बँकेतील नाव जुळत नाही आणि दुःखाच्या ऐन दिवसांत त्या बाईला प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते. लग्न, मुलांचा जन्म, नॉमिनी यांची नोंद युनिटमध्ये 'पार्ट टू ऑर्डर'ने, म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक नोंदींसाठी निघणाऱ्या लेखी आदेशाने होते. ती झाली आहे का आणि त्यातील स्पेलिंग आधारशी जुळते का, हे जवान सुट्टीवर आला असतानाच पाहिले तर अर्ध्या तासाचे काम आहे. तो निवृत्त झाल्यावर किंवा गेल्यावर तेच काम त्याच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयामार्फत, करावे लागते, आणि रेकॉर्ड ऑफिस त्याच्या रेजिमेंटप्रमाणे वेगवेगळ्या गावी असते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. थकलेल्या माणसासाठी हा पत्रव्यवहारच मोठा डोंगर होतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की मंडळातील दोघांनी, त्यांत एक मुलगी असावी, हे काम वर्षभरासाठी अंगावर घ्यावे. पेन्शन आता 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली आहे आणि दर वर्षी हयातीची नोंद करावी लागते; ती राहिली की पेन्शन थांबते आणि आजींना वाटते सरकारने बंद केली. मोबाइल हाताळता येणाऱ्या मुलाला हे काम अवघड नाही. त्याचबरोबर 'ईसीएचएस' या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड आहे का, सातबारावर वारस नोंद झाली का, आणि ग्रामपंचायतीच्या मालमत्ता करातून माजी सैनिक व सैनिक विधवांना सवलत देण्याचा राज्य सरकारचा २०२० चा निर्णय तुमच्या ग्रामपंचायतीत लागू होतो आहे का, हेही पाहा. एक सावधगिरी मात्र कटाक्षाने बाळगा: ओटीपी, पासबुक आणि पेन्शनचा आकडा या तीन गोष्टी त्या घरच्या माणसांच्याच हातात राहिल्या पाहिजेत, आणि एखादीची पेन्शन किती हे मंडळाच्या बैठकीत बोलले जाता कामा नये. एकट्या बाईच्या खात्यावर किती पैसे आले याची चर्चा गावात सुरू झाली, की तिच्या दारात उसने मागणाऱ्यांची रांग लागते. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही.

तुम्ही स्मृतिफलकाविषयीही विचारले आहे. फलक जरूर लावा. सातारा जिल्ह्यातील आणि कोकणातील काही गावांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने लावलेल्या पाट्या आजही आहेत: या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावातील ४६ जण त्या युद्धात गेले आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द चिकटला. परंतु त्या जुन्या पाट्यांवर बहुधा फक्त आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत, आणि शंभर वर्षांनी त्या आकड्यांतला आपला पणजोबा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या फलकावर संपूर्ण नाव, हुद्दा, रेजिमेंट, निधनाची तारीख आणि ठिकाण असू द्या, मजकूर कोरण्यापूर्वी घरच्यांकडून वाचून घ्या, आणि देणगीदारांची नावे त्याच दगडावर घालू नका. हे शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण मी पाहिलेल्या एका फलकावर देणगीदारांची अक्षरे जवानाच्या नावापेक्षा मोठी होती.

निधी गोळा करण्याची हौस असेल तर ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन आहे. १९४९ पासून तो पाळला जातो आणि त्या दिवशीचा निधी युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांच्या, जायबंदी जवानांच्या व माजी सैनिकांच्या कल्याणासाठी वापरला जातो. स्वतंत्र पावतीपुस्तक छापण्याऐवजी ती रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून अधिकृत पावती घ्या, म्हणजे हिशेबाचे वादही टळतात.

अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत भरती झालेल्या, मुलांचा उल्लेख केल्याशिवाय मला थांबता येणार नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेप्रमाणे चार वर्षांनंतर त्यांच्यातील जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम केले जाते. बाकीची मुले पेन्शनशिवाय, एकरकमी सेवानिधी घेऊन परततील. योजना बरी की वाईट हा वाद इथे नको. गावी परतलेल्या त्या मुलाकडे "काढून टाकलेला" म्हणून पाहिले जाणार नाही एवढे तुमच्या मंडळाच्या हातात आहे, कारण तो तुमच्याच वयाचा, तुमच्याच मैदानावर धावलेला मुलगा असेल.

तर यंदाच्या नकारापुरते सांगायचे तर, त्या ताईंकडे "का आला नाहीत" हे विचारायला जाऊ नका. गावातील एखादी वडीलधारी बाई आणि एखादा जुना माजी सैनिक यांना सोबत घ्या, आधी निरोप पाठवा, त्यांनी वेळ दिली तरच जा, आणि फोटो काढू नका. कार्यक्रमाचा विषय त्यांनी काढला तर बोला. नाही काढला तर "कागदपत्रांचे काही अडले आहे का" एवढेच विचारून या. पुढच्या वर्षी त्यांना आमंत्रण द्यायचे की नाही हेही त्यांनाच विचारा, आणि त्या "नको" म्हणाल्या तर यादीतून त्यांच्या पतीचे नाव मात्र काढू नका; ते नाव व्यासपीठावरून वाचले जाईल असे त्यांना आधी सांगून ठेवा.

काही अडले आहे असे निघाले, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना जवानाचे डिस्चार्ज बुक किंवा मृत्यू सेवेत झाला असल्यास युनिटचे पत्र, पेन्शनचा आदेश, मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, बँक पासबुक आणि कार्यालयाने दिलेले ओळखपत्र, या सगळ्यांच्या मूळ प्रती व दोन-दोन झेरॉक्स न्या. सोमवारी गर्दी असते आणि कल्याण संघटक अनेकदा तालुक्याच्या दौऱ्यावर असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करा. ताईंना एकट्याने बसने जावे लागणार असेल, तर मंडळातील मुलीने सोबत जावे. दिवस मोडेल, पण तिथे काय विचारतात हे तिला एकदा कळले की गावातील पुढच्या घरासाठी कोणाला शोधावे लागणार नाही.